चिपळुणात नवं सुपरमार्केट: जागा पेठेत, नाक्यावर की कापसाळच्या चढावर?

पेठेतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही चिपळुणातले पाच किराणा दुकानदार मिळून एक सुपरमार्केट काढायचं म्हणतोय. पाचही जणांची दुकानं बाजारपेठेतच, दोघांचं काम घाऊकचं, तिघांचं किरकोळ. बाहेरची कुठली तरी साखळी येऊन गिऱ्हाईक नेणार आणि आपण बघत बसणार, त्यापेक्षा आपणच एकत्र यावं हे बरेच दिवस मनात होतं. भांडवलाची जुळवाजुळव झाली आहे. विक्रीचा मजला साधारण ६ हजार चौरस फुटांचा हवा. घोडं अडलंय ते जागेवर.

तीन जागा समोर आहेत. पहिली पेठेतच, चिंचनाक्यापासून हाकेच्या अंतरावर, आमच्यातल्याच एकाचं जुनं गोडाऊन. गिऱ्हाईक तिथे रोजचंच आहे. पण २००५ ला तिथे वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी होतं आणि २०२१ ला तर माळ्यापर्यंत चढलं. दुसरी बहादूरशेख नाक्याजवळ, महामार्गाला लागून. दर्शनी भाग मोठा, पण मालक भाडं तगडं मागतोय. तिसरी कापसाळला, चढ चढून गेल्यावर. मोकळी, गाड्या लावायला ऐसपैस, भाडं बऱ्यापैकी कमी, पुराची भीती नाही. पण गावाबाहेर.

आमच्यात तीन जण बहादूरशेख नाक्याच्या बाजूने आहेत, दोघे पेठेच्या. कापसाळचं नाव कुणीच मनापासून घेत नाही, तरी प्रत्येक पावसाळ्यात तीच जागा आठवते. गावात राहणारे, गावाला येणारे, या धंद्यातले, सगळ्यांनी मोकळेपणाने लिहा. पाच घरांचे पैसे आहेत यात.

---

ताळेबंद

आधी बिलं मोजा, मग जागा बघा.

किराण्यात किती सुटतं हे तुम्हाला सांगायला नको. डीमार्टची कंपनी एवढ्या प्रचंड प्रमाणावर खरेदी करते, तरी तिचं ढोबळ मार्जिन (विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता उरतं ते) ताळेबंदात १५ टक्क्यांच्या आसपासच दिसतं. शिवाय तिची बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत, त्यामुळे भाड्याचा बोजा फारसा नाही. तुम्ही भाड्याने घेणार. त्या पंधरातून पगार, वीज, नासधूस, व्याज गेलं की हातात दोन-तीन टक्के उरले तरी पुष्कळ. म्हणून भाडं विक्रीच्या चार टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

नमुना म्हणून धरा, नाक्यावर चौरस फुटाला ५० रुपये पडले. ६ हजार फुटांचे महिन्याला ३ लाख. म्हणजे विक्री हवी ७५ लाखांची. सरासरी बिल ७०० रुपयांचं धरलं तर रोज साडेतीनशेच्या वर बिलं व्हायला हवीत, आणि तीसुद्धा आषाढातल्या धो धो पावसात. कापसाळला ३० रुपये धरले तर भाडं १ लाख ८० हजार, विक्री ४५ लाख, रोजची बिलं २१५ च्या आसपास. तुमचे खरे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५५ हजारांच्या घरात होती, खेर्डी, मिरजोळी, वालोपे, कापसाळ धरून त्याहून बरीच जास्त. गिऱ्हाईक आहे. ते तुमच्या दारापर्यंत पायी येतं, रिक्षाने येतं की गाडीने, यावर बिलाचा आकडा ठरतो.

---

गोवळकोट_रोड

ताळेबंद यांनी शेवटी जे लिहिलंय तिथूनच पुढे लिहिते.

आमच्याकडे किराणा दोन तऱ्हेने येतो. महिन्याची यादी एकदा, ती घरात कुणाला सुट्टी असेल तेव्हा गाडीवरून. आणि मग महिनाभर किरकोळ: खोबरं संपलं, पाहुणे आले, मुलांच्या डब्याला काही नाही. हा किरकोळ माल आम्ही बायकाच आणतो. निम्म्याजणींकडे स्कूटर नाही. सासूबाईंसारख्या तर दोन पिशव्या घेऊन रिक्षाचीच वाट बघतात. कापसाळला रिक्षा करून जायचं तर जाऊन-येऊन जे भाडं पडेल त्यात डाळ-तांदळावर वाचवलेलं सगळं गेलं. तिकडे महिन्यातून एकदा येऊ, त्याहून जास्त नाही.

पण पेठेतल्या त्या गोडाऊनलाही माझा पाठिंबा नाही, आणि त्याचं कारण मालाचं नुकसान एवढंच नाही. २०२१ ला २१ जुलैला बकरी ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी. पाणी ओसरल्यावर गावात काडेपेटी मिळेना. मेणबत्त्या, दूध, प्यायचं पाणी, लहान मुलांची बिस्किटं, सगळं बाहेरगावच्या मदतीच्या गाड्यांतून आलं. ज्यांनी आणलं त्यांचे उपकार कधी फिटणार नाहीत. पण एवढं मोठं बाजाराचं गाव, आजूबाजूचे तालुके जिथे माल भरायला येतात, तिथे कोरडं असं एक मोठं दुकान नसावं, हे मला अजून सलतं. तुम्ही नवीन बांधताय तर असं बांधा की जे पुराच्या दुसऱ्या दिवशी उघडेल. आणि एरवी आम्हाला तिथे चालत येता येईल.

---

जुना_घाऊक

ताईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

पुरात दुकान बुडतं म्हणजे काय होतं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. साखर आणि मीठ तर पाण्याबरोबरच जातं, मागे रिकामी पोती राहतात. तूरडाळीच्या गोणी फुगून शिवणीवर उसवतात आणि दोन दिवसांत असा वास सुटतो की शटरजवळ उभं राहवत नाही. १५ किलोचे तेलाचे डबे तरंगत दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन अडकलेले होते. काही फुटले, आणि ते तेल वाशिष्ठीच्या गाळात मिसळून भिंतींना असं बसलं की पत्र्याने खरवडावं लागलं. पहाटे जेवढा माल माळ्यावर चढवता आला तेवढा चढवला होता. पाणी माळ्यावर आलं.

आणि वेळ बघा. जुलैचा शेवट म्हणजे गणपतीचा माल भरायची वेळ. चाकरमानी यायच्या आधी रवा, मैदा, गूळ, तूप, अगरबत्ती, सगळं महिनाभर आधीच घ्यावं लागतं. म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त माल दुकानात असतो तेव्हाच नदी सगळ्यात भरलेली असते. मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न नाही. आपल्याला आहे, आणि जागा निवडताना तो पहिला आला पाहिजे.

---

डोंबिवलीचा_मुक्काम

मी चाकरमानीच, गाव शिरगावकडे. माझं मत नाक्याला. आम्ही गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात मुंबईहून येतो ते महामार्गानेच. गाव गाठायच्या आधी बहादूरशेखला थांबून सगळा बाजार भरून घेता आला तर फार बरं. पेठेत गाडी घालायची म्हणजे गाडी लावणार कुठे? गोव्याला जाणाऱ्या गाड्याही थांबतील.

---

साखळीत_काम_केलेला

पुण्यातल्या एका साखळीसाठी काही वर्षं नवीन दुकानांच्या जागा बघायचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महामार्गाची रहदारी बघून जागा घेणं हा नव्या दुकानदाराला पडणारा सगळ्यात मोठा मोह असतो. डोंबिवलीकर, तुमचं म्हणणं तुमच्यापुरतं अगदी रास्त आहे. पण तुम्ही वर्षातून तीन वेळा येता, आणि दुकानाला भाडं बारा महिने भरायचं असतं. गोव्याची गाडी चहाला, पेट्रोलला थांबते. पाच किलो तांदूळ घ्यायला थांबत नाही. त्यातून बहादूरशेख नाक्याला उड्डाणपूल. १६ ऑक्टोबर २०२३ ला काम चालू असताना गर्डर कोसळले, ते सगळ्यांना आठवत असेलच. पूल वापरात असला की लांबची रहदारी वरून निघून जाते. खाली राहतात त्या आपल्या गावच्या गाड्या, आणि त्या तर कुठेही असल्या तरी तुमच्याच आहेत.

शिवाय राष्ट्रीय महामार्गाला जागा लागून आहे म्हणून थेट आत-बाहेर जाता येतं असं नाही. त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मालकाने ती घेतली आहे का, कशासाठी घेतली आहे, जमीन बिगरशेती झाली आहे का, हे कागद हातात आल्याशिवाय विसार देऊ नका.

जागा बघताना आम्ही काय करायचो ते सांगतो. कामाच्या दिवशी आणि रविवारी, संध्याकाळी पाच ते आठ, त्या जागेसमोर उभं राहायचं. किती लोक गेले हे सगळेच मोजतात. आम्ही मोजायचो हातात पिशवी असलेले किती, आणि ते घराकडे चाललेत की घरातून निघालेत. किराणा घरी जातानाच घेतला जातो. तेव्हा घरी परतणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला दुकान आलं तर तो सहज वळतो. उजव्या हाताला आणि मध्ये दुभाजक आला की रोज थोडं गिऱ्हाईक गळतं, आणि ते का गळतंय हे मालकाला वर्षभर कळत नाही.

दुसरं, अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. विल्यम रायली या अमेरिकी अभ्यासकाने १९३१ मध्ये मांडलं होतं की दोन गावांमधल्या वस्तीतलं गिऱ्हाईक मोठ्या गावाकडे जास्त ओढलं जातं, पण अंतर वाढलं की ही ओढ झपाट्याने, अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सपाट मुलखात किलोमीटर धरून हे चालतं. कोकणात मिनिटं धरा, आणि पावसाळ्यातली मिनिटं धरा. पेठेतून कापसाळ नकाशावर जवळ दिसतं. पिशव्या आणि लहान मूल घेऊन भर पावसात रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ त्यात मिळवा.

---

गुहागरकर

आमच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गुहागर तालुक्याचा मोठा बाजार अजून चिपळूणच. कपडा, भांडी, औषधपाणी, दवाखाना, कोर्टकचेरी, सगळ्याला आम्ही चिपळूणला. येतो ते मिरजोळी, उक्ताड करत गुहागर नाक्यावरून. सुपरमार्केट कापसाळला गेलं तर आम्हाला अख्खं गाव ओलांडून पलीकडे जावं लागेल, आणि बहादूरशेखलाही तेच.

आणि सगळे गाडीवाले नाहीत. मार्गताम्हाणे, रामपूर पट्ट्यातली पुष्कळ माणसं एसटीने येतात. सकाळच्या गाडीने यायचं, कामं उरकायची, दुपारच्या गाडीने परत. मधल्या वेळात किराणा. त्यांना स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आत दुकान हवं. एक विनंती: सामान ठेवायला एक कोपरा द्या. किराणा घेऊन ठेवून दवाखान्यात जाऊन येता आलं तर आमची माणसं दुसरीकडे जाणारच नाहीत.

---

मालवाहू

माझे ट्रक चालतात, वाशी-चिपळूण आणि कोल्हापूर-कराड-चिपळूण. गिऱ्हाईक कुठून येतं याची चर्चा झाली, माल कुठून येतो तेही बघा.

तुमचा माल दोन घाटांनी येतो. वाशीचा परशुराम घाटातून, साखर-गूळ-भाजीपाला कुंभार्ली घाटातून. रुंदीकरणाच्या कामासाठी परशुराम घाट २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास बंद असायचा, पावसाळ्यात दरडी ठरलेल्याच. म्हणजे पुण्याच्या दुकानासारखा आज मागवला उद्या आला असा हिशेब इथे धरू नका. पावसाळ्याचे चार महिने तुमच्याकडे स्वतःचा साठा हवाच. मग प्रश्न असा की हा साठा दुकानाच्या मागच्या खोलीत कशाला?

माझं म्हणणं, दुकान आणि गोडाऊन वेगळं करा. गोडाऊन कापसाळला घ्या. दहा चाकी ट्रक महामार्गावरून सरळ आत जाईल, दिवसाढवळ्या उतरेल, वर कोरडं. पेठेत मोठा ट्रक दिवसा घालताच येत नाही. रात्री उतरवायचा म्हणजे हमालीही वाढते. गोडाऊनमधून दुकानात छोटा टेम्पो सकाळी एक फेरी, दुपारी एक. दुकानात दोन-तीन दिवसांपुरताच माल. पाणी यायची लक्षणं दिसली तर एवढा माल तासा-दोन तासांत वर चढवता येतो. सहा हजार फुटांचं दुकान आणि त्याच्या मागे महिन्याचा साठा असेल तर नाही चढवता येत.

---

नकाशा_वाचा

नगररचनेत काम करतो. मालवाहू यांची सूचना मला सगळ्यात कामाची वाटली. पूररेषेबद्दल गावात बरेच गैरसमज आहेत म्हणून थोडं लिहितो.

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळ्या ते लाल नियंत्रित. नियंत्रित पट्ट्यात बांधकाम करता येतं, पण राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर घ्यावं लागतं. चिपळूणच्या रेषांवरून खूप वाद झाले, हरकती घेतल्या गेल्या. त्यात लोकांचं दुखणं खरं आहे, कारण जुनी पेठ उचलून कुठे ठेवता येत नाही. पण तुम्ही नवं बांधताय. तुम्हाला निवड आहे.

आणि सरासरी २५ वर्षांतून एकदा म्हणजे एक पूर आला की पुढची २५ वर्षं निर्धास्त, असा अर्थ नाही. २००५ आणि २०२१ मध्ये फक्त १६ वर्षांचं अंतर आहे. आपल्याकडे पाणी चढतं ते नुसत्या पावसाने नाही. वाशिष्ठीला शिवनदी गावातच येऊन मिळते. खालून दाभोळ खाडीची भरती नदीला अडवून धरते. वरून पोफळीला वीजनिर्मिती करून सोडलेलं कोयनेचं पाणी कोळकेवाडी धरणामार्गे याच नदीत येतं. पात्रात गाळ साचलेला. यातल्या तीन गोष्टी एका वेळी जुळल्या की काय होतं ते आपण पाहिलं आहे. आंदोलनानंतर गाळ काढायचं काम सुरू झालं ही चांगलीच गोष्ट आहे, पण गाळ काढला म्हणून जोतं खाली घ्यायचं असा हिशेब कुणी करू नये.

मला विचाराल तर प्रत्येक जागेची समुद्रसपाटीपासूनची पातळी सर्व्हेअरकडून काढून घ्या, आणि शेजारच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण कुठे आहे ती त्याच पातळीत मोजा. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहिले की निम्मी चर्चा मिटते. बहादूरशेख आणि खेर्डीच्या बाजूला हे जरूर करा. महामार्गाजवळ म्हणजे उंचावर असं लोक धरून चालतात. खेर्डीतही २०२१ ला पाणी होतं, आणि वाशिष्ठीवरचा जुना पूल त्या पुरात खचला ते लक्षात आहे ना?

---

पेठ_राखा

सगळे हिशेब बरोबर आहेत, तरी मला वाईट वाटतंय म्हणून लिहितो.

२०२१ नंतर पेठेतल्या व्यापाऱ्याने चिखल उपसून, कर्ज काढून पुन्हा शटर उघडलं. १८६४ सालचं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही पुरांत भिजलं, तरी ते गाव सोडून गेलं नाही. आता पेठेतलेच पाच जुने दुकानदार उठून गावाबाहेर गेले तर मागे काय राहील? एक मोठं दुकान हललं की त्याच्या शेजारचा चहावाला, मसाल्याची चक्की, भाजीवाल्या, सगळ्यांची गर्दी हलते. मोठी दुकानं वळणरस्त्यावर गेल्यावर ओस पडलेल्या पेठा महाराष्ट्रात कमी नाहीत. जागा निवडताना हा खर्च कुणाच्याच वहीत येत नाही.

---

चिंचनाक्याचं_छोटं_दुकान

पेठ_राखा यांना अनुमोदन. माझं दहा बाय पंधराचं दुकान आहे. सुपरमार्केट पेठेत आलं काय नि बाहेर गेलं काय, मला भीती आहेच. पण बाहेर गेलं तर गिऱ्हाईक या बाजूला फिरकणारच नाही. जवळ आलं तर निदान येता-जाता माझ्याकडे वळेल. मी उधारीवर देतो, पाव किलो सुटं देतो, रात्री साडेनऊला वहिनींनी फोन केला तर पोराबरोबर दूध पाठवतो. ते सुपरमार्केटला जमणार नाही. तुम्ही पाचजण एकत्र खरेदी करणार आहात, तर आमच्यासारख्यांनाही त्या भावात माल द्याल का? दिलात तर तुमचं गोडाऊन आमचंही होईल.

---

वारणेकाठचा

वरच्या प्रतिसादाला धरून. आमच्याकडे वारणा बझार आहे, सहकारी. वारणानगर म्हणजे काही शहर नव्हे, तरी तिथे मोठा बझार चालला, कारण माणसं तिथे ऊस, दूध, शाळा, बँक अशा दहा कामांना येतातच. नुसत्या किराण्यासाठी माणूस वाट वाकडी करत नाही. तेव्हा त्याची बाकीची कामं जिथे आहेत त्याच्या आसपास राहा.

---

विमा_काम

थोडक्यात. एका ठिकाणची विम्यात धरायची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्यावर ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा, या १ एप्रिल २०२१ पासूनच्या पॉलिसी बघा. त्यांत पूर धरलेला असतो. दुकान आणि गोडाऊन दोन्हींचे पत्ते पॉलिसीत वेगवेगळे नोंदवा, आणि गणपतीच्या आधी साठा वाढतो त्या चढ्या रकमेचा विमा उतरवा, वर्षाच्या सरासरीचा नको. मी पाहिलेल्या पूरदाव्यांत सगळ्यात मोठी अडचण एकच यायची: साठ्याची वही आणि खरेदीची बिलं दुकानातच होती, मालाबरोबर तीही गेली. संगणकातली नोंद रोज गावाबाहेर कुठेतरी साठवली जाईल अशी सोय पहिल्या दिवसापासून करा.

जागेबद्दल एवढंच: विमा मालाचे पैसे देतो. दुकान महिनाभर बंद राहिल्यावर दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक देत नाही.

---

पेठेतला (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचहीजणांनी एकत्र बसून सगळे प्रतिसाद वाचले. काय ठरत आलंय ते सांगतो.

बहादूरशेखची जागा सोडली. भाडं चार टक्क्यांत बसत नाही, आणि महामार्गावर आत-बाहेर जायच्या परवानगीचा कागद मालक दाखवू शकला नाही.

गोडाऊन कापसाळला घ्यायचं, यावर पाचहीजण पहिल्याच बैठकीत एक झाले. मालवाहूदादा, तुमच्याशी टेम्पोच्या फेऱ्यांबद्दल वेगळं बोलायचं आहे. चिंचनाक्याच्या दादांनी विचारलं त्याचं उत्तर हो. त्या गोडाऊनमधून गावातल्या छोट्या दुकानांनाही घाऊक माल देणार. घाऊकवाल्या आमच्या दोघांनी हा मुद्दा स्वतःहून उचलून धरला. त्याने ट्रक भरून माल मागवता येईल, म्हणजे आमचाही खरेदीचा भाव उतरेल.

राहिलं दुकान. चिंचनाक्याच्या गोडाऊनच्या जागी नवीन बांधायचं झालं तर जोतं इतकं वर जातं की विक्रीचा मजला पहिल्या मजल्यावर येतो, खाली खांबांवर मोकळी पार्किंगची जागा. गिऱ्हाईक जिना चढेल का, हा आमच्यातला वाद. मध्येच एक चौथी जागा समोर आली आहे: पागेच्या बाजूला, चढ जिथे सुरू होतो तिथे, जुन्या लाकूड वखारीची. पेठेतून चालत यायला बरी, रस्ता घरी परतणाऱ्यांच्या डाव्या हाताला. शेजारच्या घरमालकांनी सांगितलं की २०२१ ला पाणी त्यांच्या गेटच्या खाली, रस्त्यावरच थांबलं होतं. विक्रीचा मजला ६ हजारांऐवजी साडेचार हजारांचाच बसतो.

मला ही चौथी पसंत आहे. काही चुकतंय का, स्पष्ट सांगा.

---

साखळीत_काम_केलेला

गोडाऊन वेगळं झालं तर साडेचार हजार पुरतात. मागची साठ्याची खोली वाचली ती सगळी विक्रीला मिळाली. किराणा, धान्य, घरगुती स्वच्छता, एवढ्यावर भर द्या. कपडे आणि प्लॅस्टिकच्या भांड्यांना जागा देऊ नका, ते पेठेतच चांगलं मिळतं. पहिल्या मजल्यावरच्या किराणा दुकानाला माझा विरोध आहे. तांदळाची पिशवी घेऊन जिना उतरणारं गिऱ्हाईक परत येत नाही, आणि माल नेणारी लिफ्ट पावसाळ्यात वीज गेली की बंद.

---

गोवळकोट_रोड

वखारीची जागा माहीत आहे. तिथून रिक्षा पटकन मिळत नाही, दारात चार रिक्षांचा थांबा होईल एवढी जागा पुढे सोडा. बायका सामान घेऊन पावसात रस्त्याच्या कडेला उभ्या राहणार नाहीत. आणि जनरेटर, मीटर, शीतकपाटाची यंत्रं जमिनीवर बसवू नका, जागा कितीही उंच असली तरी. पुराच्या दुसऱ्या दिवशी दूध थंड राहिलं पाहिजे.

---

गुहागरकर

आम्हाला पेठेपेक्षा थोडं लांब, पण स्थानकावरून चालत येण्यासारखं आहे. सामान ठेवायच्या कोपऱ्याचं विसरू नका.

---

पेठ_राखा

पागेपर्यंत पेठ वाढली असं मी समजेन. चिंचनाक्याचं जुनं गोडाऊन रिकामं ठेवू नका एवढीच विनंती. ओटे घालून भाजीवाल्या बायकांना भाड्याने द्या. पाणी आलं तर त्यांना टोपल्या उचलून निघता येतं, आणि गिऱ्हाईक पेठेत येत राहील.

---

पेठेतला (धागाकर्ता)

ओट्यांची कल्पना ज्यांचं गोडाऊन आहे त्यांना सांगितली. ते तयार आहेत, फक्त नगरपरिषदेत परवानगी कशी घ्यायची ते विचारतायत. इथे कुणी हे काम केलं असेल तर लिहा.

रिक्षा थांब्याचं, यंत्रं वर बसवण्याचं आणि सामानाच्या कोपऱ्याचं आराखड्यात घालायला सांगितलं आहे.

---

नकाशा_वाचा

ओट्यांच्या परवानगीचा अर्ज कसा करायचा ते निरोपातून कळवतो.

वखारीच्या जागेचा विसार देण्याआधी दोन गोष्टी. शेजाऱ्यांची आठवण खरी असेल, पण नियम लाल रेषेची पातळी बघतो, तेव्हा पाटबंधारे विभागाच्या नकाशावर गट नंबर घालून तपासा. आणि चढाच्या पायथ्याची जागा असल्याने डोंगराकडून येणारा पऱ्ह्या (पावसाळी ओढा) कुठून जातो ते बघा. नदीचं पाणी येणार नाही, पण वरून येणाऱ्या पाण्याला वाट नसेल तर ते मागच्या भिंतीतून आत येईल. मागे गटार रुंद हवं, आणि ते बांधकामाच्या आधी झालेलं हवं.

मी रविवारी गावात आहे. सकाळी डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन येतो. आधी चिंचनाक्याची २०२१ ची खूण घेऊ, तिथून पातळी धरत वखारीपर्यंत जाऊ. तुमच्यातले दोघे-तिघे आणि पट्टी धरायला एक मुलगा असला की पुरे.